पोट दाबू नका, छाती दाबायला शिका!

कांद्याचा भाव, खताची टंचाई आणि रात्रीची वीज हे आपले नेहमीचे विषय आज जरा बाजूला ठेवतो. आजचा विषय आहे माणूस वाचवण्याचा, आणि वाचवता वाचवता आपण हमखास करतो त्या एका चुकीचा.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या शेजारच्या शिवारात एक पोरगा शेततळ्यात बुडाला. वय असेल सतरा-अठरा. तळ्याचा प्लॅस्टिकचा कागद शेवाळाने किती निसरडा होतो, हे तुम्हाला सांगायला नको. दोर टाकून, दोघांनी आत उतरून त्याला वर काढलं तोवर पाच-सात मिनिटं गेली असावीत. बांधावर वीस-पंचवीस माणूस जमलं होतं. मग जे सगळ्या गावांत होतं तेच झालं. कुणी म्हणालं पालथा घाला, कुणी म्हणालं पाय धरून उलटा करा. एकाने पोट दाबलं, तोंडातून भळकन पाणी आलं, तसा सगळ्यांना धीर आला. "येतंय पाणी, अजून दाबा!" आणि आम्ही दाबत राहिलो. 'आम्ही' म्हणतो, कारण त्या दाबणाऱ्या हातांत माझेही हात होते. पाणी येत राहिलं. पोरगा काही आला नाही.

त्याचा श्वास चालू आहे का, हे त्या सगळ्या वेळात आमच्यापैकी एकानेही पाहिलं नाही. पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "अहो, पोटातल्या पाण्याने माणूस मरत नाही. श्वास आणि हृदय बंद पडल्याने मरतो. हात पोटावर नव्हे, छातीवर हवे होते." हे वाक्य तेव्हापासून कानातून जात नाही.

आता हे आजच लिहायचं कारण काय? गेल्या महिन्यात माझा भाचा आला होता. कृषी पदविकेला आहे, वाचणारा पोरगा. तो म्हणाला, "मामा, तुम्ही चूक केली म्हणता, पण अमेरिकेत तर पोट दाबून बंद पडलेलं हृदय चालू करण्यावर मोठं संशोधन झालंय. मग आपल्या लोकांचं बरोबरच होतं की काय?"

प्रश्न रास्त होता, आणि धोक्याचाही. अशी अर्धी बातमी एकदा पारावर पोचली की "बघा, अमेरिकेतले डॉक्टरसुद्धा पोटच दाबतात" म्हणायला आपण मोकळे. म्हणून या विषयाच्या मागे लागलो, डॉक्टर मंडळींकडे बसलो, मिळालं ते वाचलं. जे कळलं ते तुमच्यापुढे मांडतो. पटतं का बघा.

पोट दाबणं तीन तऱ्हेचं

सगळा घोटाळा इथे आहे. पोट दाबणं तीन वेगवेगळ्या वेळी कानावर येतं आणि आपण तिन्हींची खिचडी करतो.

पहिली तऱ्हा घशात घास अडकल्याची. माणूस शुद्धीवर आहे, गळा धरून तडफडतो आहे, आवाज फुटत नाही. अशा वेळी आधी पाठीवर थापा मारतात आणि मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेने हिसका देतात. डॉ. हेन्री हाइमलिक या अमेरिकन सर्जनने १९७४ साली हा हिसका सुचवला. मोठ्या माणसासाठी तो योग्य आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला आणि गरोदर बाईला मात्र पोटावर हिसका द्यायचा नसतो.

दुसरी तऱ्हा बुडालेल्याचं पाणी काढण्याची, म्हणजे आम्ही केली ती. ही चूक आहे. हाइमलिक यांनी आपला हिसका बुडालेल्यांनाही द्यावा असा आग्रह धरला होता. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने त्याची छाननी केली आणि तो आग्रह फेटाळला. कारण साधं आहे. बुडालेल्याच्या फुप्फुसात शिरलेलं पाणी बहुतेक वेळा थोडंच असतं. आपण दाबून काढतो ते पोटातलं. ते वर येताना अन्नासकट श्वासनळीत उतरू शकतं. वर सोन्यासारखी चार मिनिटं त्यात जातात ती वेगळीच.

तिसरी तऱ्हा भाच्याने वाचलेली. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबत असताना, मधल्या क्षणात पोटही दाबायचं. यावरच खरं संशोधन झालं आहे. पण ते समजायला आधी छातीदाब समजला पाहिजे.

मुळाशी आहे वायरमनचा मृत्यू

तुम्हाला नवल वाटेल, पण छातीदाबाच्या शोधामागे एक विजेचा इंजिनिअर आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत वीज झपाट्याने पसरत होती आणि खांबावर काम करणारे वायरमन शॉक लागून मरत होते. वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसा दिला. बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवन हे इंजिनिअर त्या कामाला लागले. विजेच्या धक्क्याने बिघडलेलं हृदय विजेच्याच झटक्याने पुन्हा ताळ्यावर आणायचं, हा त्यांचा ध्यास होता.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या प्रयोगशाळेत गाय निकरबॉकर या तरुणाच्या एक गोष्ट ध्यानात आली. कुत्र्याच्या छातीवर झटका द्यायच्या जड चकत्या दाबून धरल्या की, झटका देण्याआधीच रक्तदाब थोडा वर चढतो. म्हणजे नुसती छाती दाबली तरी रक्त हलतं! तोवर हृदय बंद पडलं तर छाती फाडून ते हाताने दाबावं लागे. कौवेनहोवन, निकरबॉकर आणि डॉ. जेम्स ज्यूड या तिघांनी १९६० साली आपला लेख प्रसिद्ध केला. त्यात २० रुग्णांची माहिती होती, त्यातले १४ वाचले होते. लागतात ते फक्त दोन हात, हे त्या लेखाचं सार.

आपल्याकडे मोटार चालू करायला गेलेला माणूस ओल्या पेटीला चिकटतो, तेव्हा या शोधाचा संबंध थेट आपल्याशी आहे. ज्या मरणासाठी हा शोध सुरू झाला, ते मरण आपल्या बांधावर आजही उभं आहे.

मग पोट कुठून आलं?

छातीदाबात एक उणेपण आहे. कितीही चांगला केला तरी नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या चौथा ते तिसरा हिस्साच रक्त फिरतं. हा हिस्सा वाढवता येईल का, या प्रश्नातून पोटदाब आला.

रात्री दारं धरणाऱ्याला हे लगेच समजेल. पाटाचं पाणी कमी आहे आणि वरच्या सऱ्या भिजवायच्या आहेत, तर आपण काय करतो? खालचं बारं बंद करतो. पाणी तुंबतं आणि वर चढतं. शरीरातही तसंच. हृदयातून निघालेली महाधमनी पोटातून खाली जाते. छातीवरचा दाब सोडला त्या क्षणी पोट दाबलं, तर खाली जाणारं रक्त अडतं आणि हृदयाकडे, मेंदूकडे ढकललं जातं. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते छाती सैल सोडलेली असतानाच, म्हणून हा मधला क्षण मोलाचा. दुसरा फायदा असा की पोटातल्या मोठ्या शिरेतलं रक्त वर सरकून हृदयात भरतं. पंप पाणी सोडू लागला की आपण त्यात वरून पाणी ओततो, तसंच हे.

पोट सतत आवळून धरायचे प्रयोग १९६०च्या दशकातच झाले होते. त्यात कुत्र्यांच्या यकृताला इजा झाल्याचं दिसलं आणि लोक बिचकले. मग १९८२ साली इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात रॅल्स्टन, बॅब्स आणि नीबाउअर यांनी कुत्र्यांवर नवा प्रयोग केला. सतत आवळायचं नाही, छातीदाबाशी आळीपाळीने दाबायचं. छाती वर, पोट खाली, मुसळावर दोन बाया आळीपाळीने कांडतात तशी लय. रक्तप्रवाह चांगलाच वाढला. त्यामुळे डॉक्टरांत मोठी आशा निर्माण झाली.

माणसांवर काय दिसलं?

इथे नीट लक्ष द्या, कारण अर्धी बातमी इथेच तयार होते.

१९८५ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात अॅम्ब्युलन्सच्या पथकांनी सुमारे तीनशे रुग्णांवर ही पद्धत तपासली. हे रुग्ण घरी, रस्त्यावर कोसळलेले. काही जणांना नुसता छातीदाब, काहींना जोडीला पोटदाब. निकाल? दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

१९९२ साली न्यू जर्सी राज्यातल्या एका रुग्णालयात डॉ. जेफ्री सॅक आणि सहकाऱ्यांनी आतल्या शंभराच्या आसपास रुग्णांवर अभ्यास केला. इथे मात्र फरक ठळक होता. नुसता छातीदाब मिळालेल्यांपैकी शंभरात सात घरी गेले, पोटदाबाची जोड मिळालेल्यांपैकी शंभरात पंचवीस. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण रुग्ण थोडे, आणि सगळे रुग्णालयातले, हेही विसरायचं नाही.

पुढे छाती आणि पोट आळीपाळीने दाबणारं, मुलांच्या सी-सॉसारखं लाईफस्टिक नावाचं साधन निघालं. २००१ साली जर्मनीतला त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही रुग्णालयाबाहेर फायदा दिसला नाही. २००७ साली पर्ड्यूच्याच लेस्ली गेडिस यांनी छाती सोडून नुसतं पोट लयीत दाबण्याचे डुकरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. हेतू हा की बरगड्या मोडायला नकोत आणि तोंडाने श्वासही द्यावा लागू नये. भाच्याने वाचलं ते बहुधा हेच. पण ती डुकरं होती, प्रयोगशाळेतली. बांधावरचा माणूस नव्हता.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० च्या मार्गदर्शनात या सगळ्याचा निवाडा असा केला: रुग्णालयात, शिकलेली पुरेशी माणसं हजर असतील, तर मधल्या पोटदाबाचा विचार करता येईल. रुग्णालयाबाहेर तशी शिफारस नाही. म्हणजे दार बंद केलेलं नाही, पण सरसकट उघडलेलंही नाही.

माझं मत

माझं म्हणणं दोन भागांत आहे, आणि दोन्ही भाग एकत्र वाचावेत ही विनंती.

पहिला भाग गावासाठी. आपण बांधावर पोटाच्या वाटेला जायचं नाही. ज्या संशोधनात पोटदाबाचा फायदा दिसला, तिथे एक माणूस छातीवर, एक श्वासाला आणि तिसरा पोटावर होता, आणि तिघेही तालीम घेतलेले. छाती दाबणं थांबवून कुणीही पोट दाबलेलं नाही. आपल्याकडे बहुतेक वेळा छाती दाबणारा पहिला माणूसच नसतो, तिसऱ्याची गोष्ट कशाला? नांगरट न करता फवारणीचं औषध कोणतं, असं विचारण्यासारखं ते आहे.

दुसरा भाग आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांसाठी आणि जिल्हा रुग्णालयांसाठी. न्यू जर्सीचा आकडा खरा असेल तर तो पडून राहणं बरं नाही. या पद्धतीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, औषध लागत नाही. लागतो एक जादा शिकलेला माणूस. म्हणूनच की काय, यावर मोठे अभ्यास थोडेच झाले. ज्यात विकायला काही नाही त्यावर पैसा कोण लावणार, असा माझा आपला संशय आहे. कदाचित मोठ्या अभ्यासात फायदा निघणारही नाही. पण ते तपासून कळू द्या की. लाखो रुपयांची यंत्रं विकत घेण्याआधी आपल्याच वॉर्डांत, नियमाने, परवानगी घेऊन हे तपासावं, एवढी अपेक्षा जास्त नाही. कोरडवाहू बियाण्याची चाचणी आपल्या मातीत घ्यायची आपण मागणी करतो, तशीच ही.

मग करायचं काय?

आधी स्वतःचा जीव सांभाळा. शॉक असेल तर मेन स्विच पाडा. तार तुटून पडली असेल तर लाईन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाऊ नका. वीज अंगावर पडलेल्या माणसात मात्र करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावा.

खांदे हलवून जोरात हाक मारा. ओ देत नाही, छाती वरखाली होत नाही, किंवा अधूनमधून नुसते आचके देतो आहे, तर हृदय बंद आहे असंच धरा. आचके म्हणजे श्वास नव्हे. एकाला १०८ वर फोन करायला सांगा आणि दुसऱ्याला रस्त्यावर अॅम्ब्युलन्स दाखवायला पाठवा.

माणसाला सपाट, कडक जमिनीवर उताणं झोपवा. बाजेवर नको, गादीवर नको. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवा, त्यावर दुसरा हात. कोपर ताठ. मोठ्या माणसाची छाती दोन इंच खाली जाईल असं दाबा आणि दर वेळी पूर्ण सैल सोडा. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. बरगडी मोडल्यासारखा आवाज आला तरी थांबू नका. बरगडी जुळते, गेलेला माणूस परत येत नाही. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेला हात खोल जात नाही.

तोंडाने श्वास देणं जमत नसेल तर नुसती छाती दाबा. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सामान्य माणसासाठी हीच सोपी पद्धत ठरवून दिली आहे. बुडालेल्याची गोष्ट थोडी वेगळी. त्याचा आधी श्वास कोंडलेला असतो, म्हणून ज्याने शिकून घेतलं आहे त्याने सुरुवातीला दोन श्वास द्यावेत, मग ३० वेळा छातीदाब आणि २ श्वास असं चालू ठेवावं. न शिकलेल्याने छाती तरी दाबावी. तोंडातून पाणी, फेस आला तर मान कुशीला वळवून पुसा आणि पुन्हा सुरू करा. पाणी काढायला म्हणून पोटाला हात लावू नका.

मेंदूला रक्त मिळालं नाही की चार-सहा मिनिटांत तो मरायला लागतो. १०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आहे, तिचे उपकार आहेतच. पण वस्तीवरच्या चिखलाच्या वाटेने ती चार मिनिटांत येणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. ती येईपर्यंतची अॅम्ब्युलन्स आपणच.

सरपंचांना आणि भाऊसाहेबांना

सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब, पोलीस पाटील, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना पत्र देऊन एक दुपार मागून घ्या. आशाताई, अंगणवाडीताई, शाळेचे गुरुजी, मोटारी दुरुस्त करणारी पोरं, तरुण मंडळ, एवढ्यांनी जरी छातीदाब शिकून घेतला तरी प्रत्येक वस्तीवर दोन हात तयार होतील. सरावाचा पुतळा आरोग्य केंद्रात नसेल तर मंडळाच्या वर्गणीतून घ्या. डीजेचा एका रात्रीचा खर्च वाचवला तर त्याला हातभार लागेल.

दुसरं, गावातल्या प्रत्येक शेततळ्यावर गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब बांधलेली असावी, असा ठराव करा. अनुदानाच्या फोटोत कुंपण दिसतं, पुढच्या पावसाळ्यात ते कुठे जातं कोण जाणे. दोर तरी राहू द्या.

आणि वाचकहो, तुम्हाला काय सांगू? त्या दिवशी छाती दाबली असती तर तो पोरगा नक्की वाचला असता, असं मी म्हणत नाही. कदाचित वाचला नसताही. पण बांधावर आम्ही वीस-पंचवीस जण होतो, चाळीस-पन्नास हात होते, आणि त्यातला एकही योग्य जागी नव्हता. त्याची आई आजही बाजारात भेटली की "तुम्ही लोकांनी लई केलं हो" म्हणते. मला मान वर करवत नाही.

तुमच्यावर ती पाळी येऊ नये. हात आहेतच. ते कुठे ठेवायचे, एवढं शिकून घ्या.